महाडजवळचा सावित्रीवरचा जुना दगडी पूल : २०१६ च्या आधीची माहिती हवी आहे

पोलादपूरकर

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या मुंबईकर मंडळाची स्मरणिका निघते आहे. जाहिराती गोळा करायचं काम टाळायला गेलो आणि 'गावाकडची वाट' हा लेख गळ्यात पडला. पोलादपूर तालुक्यातल्या माणसाची मुंबईची वाट म्हणजे सावित्री ओलांडणं आलंच. म्हणून राजेवाडी फाट्याजवळच्या जुन्या दगडी पुलावर निदान दोन पानं तरी लिहायची असं ठरवलं आहे.

अडचण अशी की काहीही शोधलं तरी सगळं पूल वाहून गेला त्या २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीपासून सुरू होतं. 'ब्रिटिशांनी १९२८ साली बांधलेला पूल' हे एक वाक्य सगळीकडे चिकटवलेलं, आणि मधली ८८ वर्षं कोरी. त्या रात्रीबद्दल लिहायचं आहेच, पण फक्त तेवढंच लिहिलं तर स्मरणिकेऐवजी बातमीचं कात्रण होईल.

पुलाआधी आपली माणसं मुंबईला कशी जायची? सिमेंट नसताना एवढ्या कमानी उभ्या कशा राहिल्या? इतकी वर्षं पूर झेललेला पूल एका रात्रीत कसा गेला? आणि आमच्याकडे सगळे ठामपणे सांगतात की इंग्लंडहून 'पुलाची मुदत संपली, वाहतूक बंद करा' असं पत्र आलं होतं. त्यात काही तथ्य आहे का? जाणकारांनी सविस्तर लिहावं. पाल्हाळ चालेल, कापायला मी बसलोय.

---

खाडीपट्टा

मी दासगावकडचा. पुलाच्या बांधकामाबद्दल दुसरं कोणी सांगेल, मी त्याआधीचं सांगतो.

आजच्या माणसाला वाटतं की मुंबई-गोवा रस्ता आधीपासूनच होता आणि बंदरं त्याच्या कडेला होती. खरं तर उलट. महाड हे खाडीवरचं गाव. बाणकोटच्या मुखातून भरतीबरोबर गलबतं आणि मचवे आत यायचे, दासगावपर्यंत सहज आणि भरती चांगली असली तर महाडपर्यंत. आमच्या आजीच्या बोलण्यात 'मुंबईला जाणं' म्हणजे बोटीत बसणं. रस्त्याने जायचं तरी मुंबई ते धरमतर बोटीनेच आणि पुढे पेणवरून मोटार.

पुलाच्या काळाचा अंदाज यायला एक दाखला देतो. चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा. त्याच वर्षी डिसेंबरात दुसरी परिषद भरली, तेव्हा बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरची मंडळी २४ डिसेंबरला मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाली. धरमतरमार्गे यावं तर पुढे मोटारवाले ऐनवेळी अडवतील ही धास्ती होती. दुसऱ्या दिवशी ते दासगावला उतरले आणि तिथून महाडपर्यंत पायी गेले. त्याच रात्री मनुस्मृतीचं दहन झालं. म्हणजे पूल पूर्ण व्हायच्या आदल्या वर्षीसुद्धा शेकडो माणसांना महाडला पोचायचं तर पाण्याचा रस्ता हा खराखुरा पर्याय होता. हे तुमच्या लेखात अवश्य घ्या, सहसा कोणी जोडून दाखवत नाही.

अर्थात हे सगळं महाडच्या अलीकडचं झालं. तुमच्या पोलादपूरच्या लोकांना मध्ये सावित्री आडवी. उन्हाळ्यात उतार बघून बैलगाड्या पाण्यातून काढायच्या, पावसाळ्यात होडी, आणि नदी फुगली की ज्या काठावर असाल तिथे पाहुणचार घ्यायचा. आजीच्या माहेरी एक लग्न असंच दोन काठांवर अडकलं होतं म्हणे. वऱ्हाड एकीकडे, नवरी दुसरीकडे. पाणी उतरेपर्यंत वऱ्हाडाने कुणाच्या तरी पडवीत पिठलं-भातावर दिवस काढले. ही गोष्ट आजी दर वेळी नवा मसाला घालून सांगायची, त्यामुळे छापताना बेताने.

---

जुना ओव्हरसिअर

पोलादपूरकर, प्रश्न चांगले विचारलेत. मी बांधकाम खात्यात ओव्हरसिअर म्हणून लागलो आणि त्याच पदाच्या आसपास निवृत्त झालो. नोकरी सगळी रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात, महाडला कधी नव्हतो. पण त्याच रस्त्यावरचे, त्याच घडणीचे दगडी पूल हाताखालून गेले आहेत. तेव्हा सवडीने लिहितो.

आधी ते पत्र. 'इंग्लंडहून पत्र आलं होतं' ही गोष्ट मी कोकणातल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या पुलाबद्दल ऐकली आहे. खारेपाटणला ऐकली, राजापूरला ऐकली, संगमेश्वरलाही ऐकली. पत्र स्वतःच्या हातात धरलेला माणूस मात्र एकही भेटला नाही. शिवाय सावित्रीच्या पुलाची शंभरी भरणार होती २०२८ ला, मग मुदत संपल्याचं पत्र २०१६ च्या आधी येईलच कशाला? मुख्य म्हणजे दगडी कमानीला औषधाच्या बाटलीसारखी मुदत नसते. स्पेनमध्ये अल्कांतराला रोमनांनी दुसऱ्या शतकात बांधलेला कमानींचा पूल अजून उभा आहे.

आता सिमेंटचं. १९२८ ला सिमेंट नव्हतं असं नाही. पोरबंदरचा कारखाना १९१४ च्या सुमाराचा. पण सिमेंट महाग, ते कोकणात आणायचं म्हणजे पुन्हा बोट आणि बैलगाडी, आणि लोखंडी सळ्यांचं काम करणारे हात कमी. उलट काळा दगड डोंगरात फुकट, पाथरवट गावोगाव, आणि चुना भाजायची विद्या घरची. किनाऱ्याकडे तर शिंपल्यांचा चुना भाजत. तो वाळूबरोबर घाणीत मळायचा. घाणी म्हणजे जमिनीत गोल चर, त्यात दगडी चाक, आणि बैल फिरतोय. मळणं कमी पडलं की चुना हाताला खरखरीत लागतो. नीट मळलेला लोण्यासारखा बोटावरून घसरतो. जुने मुकादम तो अंगठा आणि तर्जनीत चोळून बघत आणि मान हलवली नाही तर घाणी पुन्हा सुरू. माझ्या सुरुवातीच्या काळात अशी मान हलवणारे एक-दोन म्हातारे अजून हयात होते. आमच्या प्रयोगशाळेच्या दाखल्यापेक्षा त्यांचा अंगठा जास्त भरवशाचा, असं माझं अजूनही मत आहे.

चुना सावकाश घट्ट होतो, वर्षानुवर्षं होत राहतो. त्यामुळे पूल थोडा खचला, उन्हाने ताणला गेला तर चुना ते सोसतो. बारीक भेग पडली तर पाण्याबरोबर विरघळलेला चुना तिथे पुन्हा बसतो आणि भेग बुजते. म्हणूनच जुन्या कमानीच्या दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, वरून निव्वळ सिमेंटने भरणं मला कधी पटलं नाही. सिमेंट चुन्यापेक्षा फार ताठ. पाणी आत अडकतं, आणि दोन-चार पावसांत पापुद्रा सुटून खाली पडतो. दिसायला मात्र छान, बिल निघतं.

कमान उभी करायची तर आधी लाकडाचा ढोला. दोन खांबांच्या मध्ये अर्धगोल मांडव समजा. त्यावर पाचरीच्या आकाराचे घडीव दगड दोन्ही बाजूंनी एकाच वेळी चढवत न्यायचे, एका बाजूला जास्त झाले तर ढोला तिरका होतो. सगळ्यात शेवटी माथ्यावर मधला दगड. तो बसला की कमान स्वतःला धरते. मग ढोल्याखालच्या पाचरी थोड्या थोड्या सैल करायच्या, सगळीकडून सारख्या, घाई अजिबात नाही. कमान किंचित बसते आणि थांबते. तिथून पुढे वरून जितकं वजन येईल तितके दगड एकमेकांवर घट्ट दाबले जातात. दगडाला दाब मानवतो, ताण मानवत नाही, आणि कमानीत ताण येऊच द्यायचा नाही हीच सगळी युक्ती.

हे सगळं नोव्हेंबर ते मे एवढ्यातच करायचं. खांबाच्या जागेभोवती मातीचा बांध घालून आतलं पाणी उपसायचं, वाळू काढत काढत खाली पक्का खडक किंवा कठीण थर लागेपर्यंत जायचं, आणि पहिल्या पावसाच्या आत खांब पाण्याच्या वर काढायचा. नाही निघाला तर सावित्रीसारखी नदी वर्षाची मेहनत एका रात्रीत घेऊन जाते. उगम महाबळेश्वरला, पोलादपूरपर्यंत डोंगरावरून धावतच येते, आणि महाडजवळ जमीन एकदम सपाट. वरून पुराचा लोंढा, खालून खाडीची भरती, आणि मध्ये महाड. २००५ ला बघितलंत, २०२१ ला बघितलंत.

पूल कसा गेला यावर उद्या लिहितो. आज डोळे दुखायला लागले.

---

रातराणी

ओव्हरसिअर साहेबांचा दुसरा भाग येईपर्यंत मी चार ओळी टाकतो. मी एसटीत कंडक्टर होतो, रत्नागिरीकडच्या डेपोत. मुंबईच्या रातराण्या केल्या आहेत.

स्मरणिकेसाठी हे लक्षात ठेवा की शेवटी शेवटी तिथे दोन पूल होते. जुना दगडी आणि शेजारी नंतर झालेला काँक्रीटचा. गोव्याकडे जाणारी वाहनं नव्यावरून आणि मुंबईकडे येणारी जुन्यावरून. त्या रात्री पुलाबरोबर ज्या दोन गाड्या गेल्या त्या जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली. दोन्ही मुंबईकडे तोंड असलेल्या. शेजारच्या पुलावरून उलट दिशेने गेलेल्या गाड्यांमधल्या लोकांना हातभर अंतरावर काय होतंय ते कळलंही नसेल. आमच्या खात्यातले ड्रायव्हर-कंडक्टर होते त्यात, याहून जास्त लिहवत नाही.

जुन्या पुलावर गाडी चढली की आवाज बदलायचा. डांबरावरून येणारा टायरचा एकसुरी आवाज एकदम भरीव व्हायचा, दोन्ही बाजूंचे दगडी कठडे तो परत फेकायचे. झोपलेली माणसंसुद्धा 'सावित्री आली का?' म्हणून कूस बदलायची. म्हाताऱ्या बायका खिडकीची काच वर करून नाणं टाकायच्या, ते बहुतेक वेळा कठड्यावर आपटून रस्त्यावरच पडायचं. महाडला स्टँडवर गाडी लागायची, चहा व्हायचा, आणि तिथून पुढे मात्र सगळे गाढ झोपायचे, कारण कशेडी घाट मागे पडलेला असायचा. ड्रायव्हर लोकांना धास्ती असायची ती कशेडीची. पुलाची कुणालाच नव्हती.

---

स्ट्रक्चरवाला

सगळ्यांचा आदर ठेवून सांगतो. १९२८ मध्ये बैलगाड्या आणि दोन-चार टनांच्या लॉऱ्या डोळ्यासमोर ठेवून बांधलेल्या पुलावरून आपण चाळीस-चाळीस टनांचे ट्रेलर पळवत होतो. चुना, घाणी, मुकादमाचा अंगठा हे ऐकायला गोड आहे, पण भार वाढला की हिशेब चुकतोच. मला तरी यात गूढ काही दिसत नाही. काँक्रीटचे पूलसुद्धा जादा भाराने थकतात.

---

जुना ओव्हरसिअर

स्ट्रक्चरवाले, काँक्रीटच्या गर्डरला, म्हणजे आडव्या तुळईला, तुमचा मुद्दा लागू आहे. कमानीला तितकासा नाही. जाड दगडी कमानीचं स्वतःचं वजन आणि वर भरलेल्या भरावाचं वजनच इतकं असतं की वरून ट्रक गेला तरी त्या मानाने भर थोडीच. आगगाडीचे शंभर-सव्वाशे वर्षांचे दगडी पूल आजची इंजिनं झेलताहेत. भाराने कमान मरते तेव्हा आधी महिनोन्‌महिने बोलते. दगड सुटतात, माथा बसतो, कठडा वाकडा होतो, रस्त्यावर खळगा पडतो आणि कितीही डांबर टाकलं तरी पुन्हा तिथेच पडतो. न बोलता जाते ती पायातून.

हेच मला मुख्य सांगायचं आहे, म्हणून जरा खोलात जातो.

नदीत खांब उभा केला की पाणी दोन्ही बाजूंनी वेगाने सटकतं आणि खांबाच्या नाकापाशी, म्हणजे पाणी येतं त्या बाजूला, खाली बुडी मारून भोवरा करतं. तो भोवरा तळाची वाळू आणि गोटे उकरून नेतो. पूर जितका मोठा तितका खड्डा खोल. आता गंमत बघा. पूर ओसरायला लागला, पाण्याचा जोर कमी झाला की वरून वाहत आलेली वाळू त्याच खड्ड्यात बसते. मे महिन्यात तुम्ही पुलाखाली जाता तेव्हा खांबाभोवती सपाट, स्वच्छ वाळू. पोरं क्रिकेट खेळताहेत. ऐन पुरात तिथे पुरुषभर पोकळी होती हे कुठेच दिसत नाही. ती वाळू मऊ भरलेली असते, पुढच्या पुरात पहिल्या तासात निघून जाते, आणि दर वर्षी भोवरा थोडा थोडा आणखी खाली, दगडी पायाच्या बुडापर्यंत पोचतो.

२०१६ च्या मे महिन्यात त्या पुलाची तपासणी झाली होती आणि धोका आढळला नव्हता, असं तेव्हा सरकारतर्फे सांगण्यात आलं. लोक त्यावर चिडले, साहजिक आहे. मला त्यात खोटेपणापेक्षा पद्धतीचा दोष जास्त दिसतो. मे महिन्यात वरून आणि काठावरून बघितलेला पूल ठणठणीतच दिसणार. आम्हीसुद्धा आयुष्यभर असेच पूल बघितले. कठडे, दरजा, झाडं, पाण्याचे निचरे यांचे रकाने भरायचे. पाण्याखालच्या पायासाठी पाणबुड्या उतरवायचा तर त्याचे पैसे कुठल्या लेखाशीर्षातून, इथेच गाडी अडायची.

दुसरं असं की कमानींच्या पुलाला खांब जाड लागतात. म्हणजे नदीची बरीचशी रुंदी खांबच खातात. पाणी कमानीच्या सुरुवातीपर्यंत चढलं की पुढे जसजसं वर जाईल तसतशी वाट आणखी अरुंद, कारण कमान वर निमुळती होते. ज्या वेळी नदीला जास्त वाट हवी नेमकी त्याच वेळी पूल ती कमी करतो. वरून आलेली झाडं त्यात अडकली तर विचारूच नका. पाणी मागे तुंबतं, खालून सुटतं तेव्हा दुप्पट जोराने, आणि तो जोर जातो कुठे, तर पायाकडे.

२ ऑगस्टला आषाढ अमावास्या होती. महाबळेश्वर-पोलादपूर पट्ट्यात पाऊस कोसळत होता आणि खाडीकडे अमावास्येचं पाणी चढलेलं. रात्री साडेअकराच्या सुमारास पूल गेला. माझा कयास पायाचाच आहे. कारण तो गेला कसा ते बघा, एखादी कमान ढासळून बाकी पूल उभा राहिला असं नाही, मोठा सलग भाग गेला. कमानी एकमेकींना बाजूने रेटत असतात. डावीकडची उजवीकडे, उजवीकडची डावीकडे, आणि मधला खांब त्या दोन सारख्या रेट्यांमध्ये सरळ उभा. एक खांब बुडातून सरकला की त्याच्या दोन्ही कमानी गेल्या, त्या गेल्या की पुढच्या खांबाला एकाच बाजूने रेटा, तोही गेला. म्हणून जुने हुशार बांधणारे चार-सहा कमानींनंतर एक मुद्दाम दुप्पट जाड खांब घालत, म्हणजे पडझड तिथे थांबावी. सगळ्या पुलांना ते परवडत नसे.

नदीतली वाळू उपसणं हाही यातलाच भाग. पुलाच्या खालच्या अंगाला वाळू काढली की नदी आपला तळ सपाट करायला वरची वाळू ओढते, आणि खांबांचे पाय उघडे पडतात. हे फक्त सावित्रीचं नाही, कोकणातल्या कुठल्याही नदीला लागू आहे. वाळूवाल्यांची नावं गावात सगळ्यांना माहीत असतात, पुढचं बोलायला नको.

पुढचं तुम्हाला ठाऊक असेलच, तरी स्मरणिकेसाठी. राष्ट्रीय आपत्ती दल, नौदल, तटरक्षक दल, स्थानिक होडीवाले असे सगळे शोधात होते. क्रेनला तीनशे किलोचं लोहचुंबक बांधून गढूळ पाण्यात गाड्या शोधल्या. सांगाडे हाती लागायला आठवडा उलटून गेला, आणि माणसांचा शोध थेट समुद्रकिनाऱ्यापर्यंत गेला. त्यानंतर राज्यभरच्या ब्रिटिशकालीन पुलांची तपासणी निघाली. नवा पूल १६५ दिवसांत उभा करून ५ जून २०१७ ला खुला झाला. खात्याच्या चालीने बघितलं तर १६५ दिवस हा चमत्कारच म्हणायचा. ठरवलं तर होतं, एवढं त्यातून दिसलं, आणि तेच मला जास्त टोचतं.

---

स्ट्रक्चरवाला

खड्डा पुन्हा भरून निघतो हा मुद्दा मान्य. कॉलेजात एका परिच्छेदात शिकवलं होतं, प्रत्यक्ष पुलाखाली उभं राहून कोणी दाखवलं नाही. पण मग उपाय काय? प्रत्येक पावसात पाणबुडे तर उतरवता येणार नाहीत.

---

जुना ओव्हरसिअर

पुरात पाणबुड्या उतरवायचाच नसतो, जीव जाईल. पावसाळा संपल्या संपल्या, ऑक्टोबरात, पाणी निवळलं की पायाभोवतीची खोली मोजायची आणि गेल्या वर्षीच्या आकड्याशेजारी लिहायची. एक दोरी, एक वजन, एक वही. आता यंत्रं आली आहेत, आवाजाच्या लहरींवर तळ दाखवणारी, ती तर आणखी सोपी. आणि पाणी ठरावीक खुणेच्या वर गेलं की वाहतूक थांबवायची, मग कोणाचाही फोन येवो. खांबाला तांबडी रेघ मारा, रात्री तिथे माणूस ठेवा. पूल वाचेलच असं नाही, पण त्यावर माणसं नसतील.

---

रातराणी

माणूस ठेवा हे बरोबर बोललात. पूर्वी पुरात पुलाच्या तोंडाशी कंदील घेऊन मैलकुली, म्हणजे रस्त्याची निगा राखणारा मजूर, बसलेला असायचा, छत्रीखाली, गोणपाटाची खोळ घेऊन. त्याने हात केला की गाडी थांबायची. मागून साहेबाची गाडी असली तरी. ती पदं भरायचीच बंद झाली.

---

पोलादपूरकर

मंडळी, तुम्ही दोन पानांची आठ केलीत. खाडीपट्टा, 'पद्मावती' बोटीचा भाग लेखाच्या सुरुवातीलाच घेतो. रातराणी, नाण्याचं वाचून आई हसली, ती पण त्यातलीच. तिचं नाणं मात्र बरोबर नदीत पडायचं असा तिचा दावा आहे.

ओव्हरसिअर काका, एक शेवटचं. आमच्या गावात ओढ्यावर एका कमानीचा छोटा दगडी पूल आहे. एसटी जात नाही, पण टेम्पो, दुधाची गाडी आणि शाळेची व्हॅन जाते. त्याच्या कठड्याखाली पिंपळ उगवला आहे, हाताच्या मनगटाएवढा जाड. गणपतीत गेलो की पोरं मिळून उपटू का?

---

जुना ओव्हरसिअर

उपटू नका, हात जोडतो. मूळ दोन दगडांच्या मधून आत गेलेलं असतं, ओढलंत तर दगडासकट बाहेर येईल. बुंधा दगडाच्या लगत करवतीने कापा, कापलेल्या तोंडावर मुळं मारायचं औषध लावा. कृषी केंद्रात मिळतं. पुन्हा फुटलं तर पुन्हा तेच. मूळ आतच सुकू द्यायचं. नंतर ती दरज चुन्याने भरा, चुना मिळाला नाही तर चुन्यात थोडं सिमेंट चालेल, निव्वळ सिमेंट नको.

गणपतीत नको, तेव्हा ओढ्याला पाणी असतं. मे अखेरीला जा आणि एक पहार बरोबर घ्या. पाणी येतं त्या बाजूने कमानीच्या पायापाशी उतरा आणि दगडाला लागून पहार खाली दाबा. ठोकायची नाही, नुसती दाबायची. वीतभर जाऊन टणक लागली तर ठीक. हातभर सरसर गेली तर ती भरलेली वाळू आहे, दोन्ही पायांशी चार-चार ठिकाणी बघून खोली वहीत लिहा. कुठे पायाच्या दगडाखाली पहार आडवी शिरली तर शाळेची व्हॅन त्या दिवसापासून बंद. फोटो काढा, फोटोत पहार दिसू द्या म्हणजे माप कळतं. ग्रामपंचायतीत ठराव करून तो कागद आणि फोटो दोन्ही वर पाठवा, पोच घ्या. पोच दिल्याशिवाय उठू नका.

---

पोलादपूरकर

पहार घरी आहे. मेमध्ये जातोच आहे. काका, लेखात तुमचं नाव कसं घालू?

---

जुना ओव्हरसिअर

नाव नको. 'एक निवृत्त ओव्हरसिअर' पुरे. छापून झालं की पीडीएफ इथे टाका, आणि मेमधली पहारीची मापंही.